राउटर घेण्याआधी पॅकेटांचा हिशोब करा

तालुक्याच्या गावात दीड-दोन हजार घरांना फायबर देणारे केबल व्यावसायिक, दोन-तीन इमारतींत वसतिगृह चालवणारी महाविद्यालये, शाखा जोडणाऱ्या पतसंस्था या सगळ्यांना कधी ना कधी मुख्य राउटर बदलावा लागतो. रात्री नऊ ते अकरा नेट रखडते, ग्राहकांचे फोन सुरू होतात आणि डीलर सांगतो, ‘जास्त कोअरचा राउटर घ्या, प्रश्न मिटेल.’ कधी तो मिटतो, तर कधी लाखभर रुपये घालूनही रखडणे तसेच राहते. खरेदीआधी कागदावर करायचा हिशोब या लेखात दिला आहे. उदाहरणासाठी दोन हजार ग्राहकांचा एक छोटा इंटरनेट सेवादाता धरला आहे. तुमचे आकडे वेगळे असतील, पण रीत हीच राहील.

आधी काढा : सेकंदाला किती पॅकेट्स?

राउटरच्या खोक्यावर गिगाबिट छापलेले असतात, पण यंत्राला मेहनत पडते ती दर पॅकेटमागे. पॅकेट ६४ बाइटचे असो वा १५०० बाइटचे, पत्ता वाचणे, मार्ग शोधणे, नियम तपासणे आणि पुढे ढकलणे हे काम जवळपास तितकेच असते. म्हणून १० गिगाबिटची एकच तार दोन टोकांची मागणी करू शकते. सगळी पॅकेट्स मोठी, म्हणजे १५१८ बाइटची असतील, तर सेकंदाला सुमारे ८.१ लाख पॅकेट्स येतात. सगळी ६४ बाइटची असतील, तर १ कोटी ४८ लाख ८० हजार. या दुसऱ्या स्थितीत एका पॅकेटच्या वाट्याला ६७.२ नॅनोसेकंद येतात. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरसाठी हे जेमतेम २०० ठोके झाले. मुख्य मेमरीतून एक गोष्ट आणायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. मार्गांचा तक्ता प्रोसेसरच्या जवळच्या कॅशमध्ये सापडला नाही, तर त्या पॅकेटचा वेळ तिथेच संपतो.

आता आपले उदाहरण घेऊ. दोन हजार ग्राहक, गर्दीच्या वेळी दरडोई सरासरी अडीच मेगाबिट, म्हणजे एकूण ५ गिगाबिट. उतरणाऱ्या पॅकेटची सरासरी ९०० बाइट धरली, तर सेकंदाला सुमारे ७ लाख पॅकेट्स खाली येतात. त्यांच्या पोचपावत्या आणि इतर चढती पॅकेट्स निम्मी धरली, तर एकूण दहा-साडेदहा लाख. आजच्या मध्यम दर्जाच्या राउटरला हा आकडा अवघड नाही.

पण हल्ला झाला तर? ६४ बाइटच्या पॅकेटांचा फक्त १ गिगाबिटचा मारा सेकंदाला १४.८८ लाख पॅकेट्स आणतो. म्हणजे तुमच्या सगळ्या ग्राहकांच्या मिळून होणाऱ्या वाहतुकीपेक्षा जास्त! छोट्या सेवादात्यांचे राउटर तार भरण्याच्या कितीतरी आधी आडवे होतात, ते यामुळे. म्हणून तुमच्या गरजेचा आकडा काढला की त्याच्या तिप्पट क्षमता धरा. आपल्या उदाहरणात ती सेकंदाला ३० लाख पॅकेट्स होते. ही क्षमता तुमचे सगळे नियम चालू असतानाची हवी.

कोअर वाढवले की काय वाढते?

अनेक छोटे कोअर एकाच चिपवर बसवण्याची वाट टिलेरा या अमेरिकी कंपनीने ठळक केली. मूळचे मंगळूरचे आणि एमआयटीत प्राध्यापक असलेले अनंत अगरवाल तिच्या संस्थापकांपैकी एक. २००७ साली तिने ६४ कोअरची चिप आणली आणि २०१३ साली ७२ कोअरची. लाटव्हियातील मायक्रोटिक कंपनीने याच घराण्याच्या चिपवर ३६ कोअरचा सीसीआर१०३६ आणि ७२ कोअरचा सीसीआर१०७२ बनवला. आपल्याकडच्या अनेक छोट्या सेवादात्यांच्या रॅकमध्ये ही नावे ओळखीची आहेत.

७२ कोअर असल्याने एक पॅकेट ७२ पट लवकर पुढे जात नाही. प्रत्येक कोअरला आपल्या वाट्याच्या पॅकेटसाठी ७२ पट अवधी मिळतो, एवढेच. शिवाय वाटणीला एक नियम आहे. एकाच जोडणीतील पॅकेटांचा क्रम बिघडू नये म्हणून पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता, दोन्ही पोर्ट आणि प्रोटोकॉल यांवरून एक आकडा काढतात आणि ती जोडणी एकाच कोअरकडे सोपवतात. खालापूरच्या टोलनाक्यावर कितीही खिडक्या असोत, एका वऱ्हाडाच्या सगळ्या गाड्यांना एकाच खिडकीतून जायचे बंधन घातले, तर त्या वऱ्हाडाचा वेग ती एक खिडकीच ठरवणार. हजारो घरांच्या लाखो जोडण्या असतील तर सगळे कोअर कामाला लागतात. एखाद्या कंपनीची एकच मोठी व्हीपीएन जोडणी असेल, तर मात्र एका कोअरचा वेग हीच मर्यादा ठरते.

मायक्रोटिकने पुढे काय केले, ते खरेदीदाराने लक्षात घ्यावे. सीसीआर१०७२ मध्ये १ गिगाहर्ट्झचे ७२ कोअर होते. त्यानंतरच्या सीसीआर२११६ आणि सीसीआर२२१६ मध्ये २ गिगाहर्ट्झचे फक्त १६ एआरएम कोअर आहेत आणि जोडीला वेगळी स्विच चिप आहे. कोअरची संख्या घटली, एकेका कोअरची ताकद वाढली. कोटेशनवर कोअरची संख्या ठळक छापलेली असेल, तर ‘एका कोअरवर एक जोडणी किती वेगाने जाते?’ हा प्रश्न आधी विचारा.

पीपीपीओई वापरत असाल तर जास्त सावध

आपल्याकडे बहुतेक छोटे सेवादाते ग्राहकाला नाव आणि पासवर्ड देऊन पीपीपीओईने जोडतात. यात पॅकेटभोवती आणखी एक आवरण असते. सर्व्हरमध्ये बसणारी अनेक जुनी नेटवर्क कार्डे या आवरणाच्या आत पाहू शकत नाहीत. त्यांना सगळी पॅकेट्स सारखीच दिसतात आणि ती सगळी एकाच रांगेत, एकाच कोअरवर टाकली जातात. ३२ कोअरच्या सर्व्हरमध्ये ३१ कोअर बसून आणि एक शंभर टक्क्यांवर, असे चित्र दिसले तर कारण बहुधा हेच असते. इंटेलच्या ई८१० मालिकेसारखी नवी कार्डे योग्य प्रोफाइल चढवल्यावर आवरणाच्या आतले पत्ते वाचतात. म्हणून स्वस्तातले जुने कार्ड घेण्यापूर्वी त्याला पीपीपीओईची वाटणी जमते का, हे लेखी घ्या.

स्विच चिप असलेल्या राउटरांनाही मर्यादा आहे. चिपच्या आतून मार्गक्रमण झाले तर प्रोसेसरला हात लावावा लागत नाही आणि वेग तारेइतका मिळतो. पण पीपीपीओईचे काम ही चिप करत नाही. नॅटच्या, म्हणजे अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवण्याच्या, जोडण्याही तिच्यात काही हजारच मावतात. आयपीव्ही४ चा जागतिक मार्ग-तक्ता सुमारे दहा लाखांचा, तोही तिच्यात पूर्ण बसत नाही. ग्राहक-जोडणी, नॅट आणि वेगमर्यादा हे सगळे एकाच यंत्रावर चालवणार असाल, तर जाहिरातीतला १०० गिगाबिटचा आकडा तुमच्यासाठी नाही. तुमचे काम प्रोसेसरवरच होणार आहे.

बाजारात काय आहे, किती पडते?

खाली डॉलरमधल्या किमती कंपनीने यंत्र बाजारात आणताना सुचवलेल्या आहेत. हिशोबासाठी डॉलर ८५ रुपये धरला आहे. आयात-खर्च आणि डीलरचा नफा यांमुळे प्रत्यक्ष किंमत बदलते, म्हणून तीन ठिकाणांहून कोटेशन घ्याच.

पहिला पर्याय, मध्यम राउटर. सीसीआर२११६ची सुचवलेली किंमत ९९५ डॉलर, म्हणजे ८४,५७५ रुपये. १८ टक्के जीएसटी धरून ९९,७९८. अंदाजपत्रकात १ लाख २० हजार लिहा. कार्यप्रणालीचा परवाना यंत्रासोबतच येतो. हजार ते दोन हजार ग्राहकांसाठी विचार इथून सुरू करावा.

दुसरा पर्याय, मोठा राउटर. सीसीआर२२१६ ची सुचवलेली किंमत २,७९५ डॉलर, जीएसटीसह सुमारे २ लाख ८० हजार रुपये. यात १०० गिगाबिटचे दोन आणि २५ गिगाबिटचे बारा पोर्ट आहेत. ग्राहक-जोडणी वेगळ्या यंत्रांवर ठेवून याला फक्त मार्गक्रमणाचे काम दिले, तर पैसे वसूल होतात.

तिसरा पर्याय, साधा सर्व्हर आणि मुक्त सॉफ्टवेअर. इंटेलने सुरू केलेले डीपीडीके २०१७ पासून लिनक्स फाउंडेशनकडे आहे. सिस्कोतून आलेले व्हीपीपी २०१६ पासून मुक्त प्रकल्प म्हणून उपलब्ध आहे. दोन्हींना परवाना-शुल्क नाही. लिनक्सच्या नेहमीच्या वाटेने पॅकेट नेण्याऐवजी ही सॉफ्टवेअर कार्डापाशी थेट जातात आणि पॅकेट्स एकेक न घेता गठ्ठ्याने हाताळतात. त्यामुळे एकच कोअर सेकंदाला काही दशलक्ष पॅकेट्स पुढे पाठवू शकतो. चांगल्या कार्डासह नव्या सर्व्हरला अंदाजपत्रकात साडेतीन लाख धरा. मात्र हे चालवणारा जाणकार माणूस लागतो आणि त्याचे मानधन यंत्रापेक्षा महाग पडते.

चौथा पर्याय, जुने यंत्र. वापरलेले ३६ किंवा ७२ कोअरचे राउटर स्वस्तात मिळतात. टिलेरा २०१४ साली ईझेडचिपकडे गेली, ती २०१६ मध्ये मेलानॉक्सकडे आणि मेलानॉक्स २०२० मध्ये एनव्हिडियाकडे. या फेऱ्यांत चिपचे ते घराणे मागे पडले. २०१८ साली लिनक्स ४.१७ मधून त्याचा आधारही काढण्यात आला. मायक्रोटिकने आपल्या कार्यप्रणालीची सातवी आवृत्ती या यंत्रांना दिली, पण आता सारा भार त्या एका कंपनीवर आहे. असे यंत्र आणीबाणीचे स्पेअर म्हणून घ्या. पुढची पाच वर्षे त्यावर बांधू नका.

कोटेशनमध्ये न दिसणारा खर्च

वीज. चोवीस तास चालणारे १०० वॅटचे यंत्र वर्षाला ८७६ युनिट खाते. युनिट १२ रुपये धरले तर १०,५१२ रुपये. एसी आणि यूपीएसमधली गळती यांसाठी त्यात निम्म्याची भर घाला, म्हणजे १५,७६८. डीपीडीकेवर चालणारे कोअर पॅकेट आले का, हे सतत तपासत राहतात. म्हणून वेगळी सोय केली नाही, तर पहाटे तीन वाजताही ते शंभर टक्क्यांवर असतात. सर्व्हर निवडताना वीज पूर्ण भाराने मोजा.

नोंदी. परवान्याच्या अटींत डिसेंबर २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर परवानाधारकांना इंटरनेट-वापराच्या नोंदी किमान दोन वर्षे ठेवाव्या लागतात. एका ग्राहकाच्या दिवसाला १०,००० नव्या जोडण्या धरल्या, तर दोन हजार ग्राहकांच्या रोज २ कोटी नोंदी होतात. एक नोंद १०० बाइटची धरली तर रोज २ जीबी आणि दोन वर्षांत सुमारे दीड टीबी. त्याची दुसरी प्रतही ठेवायची. शिवाय प्रत्येक नोंद पाठवायला राउटरच्याच कोअरचा वेळ जातो. नोंदी बंद ठेवून घेतलेल्या चाचणीचा आकडा म्हणूनच निरुपयोगी असतो.

नियमपालन. १५ जून २०२१ पासून दूरसंचार परवानाधारकांना नव्या उपकरणांसाठी ‘विश्वसनीय स्रोत’ व्यवस्था लागू आहे. घेत असलेले यंत्र त्यात बसते का आणि आवश्यक प्रमाणपत्र आहे का, याचे कागद पैसे देण्यापूर्वी मागा. परदेशातून सुटे मागवलेले यंत्र स्वस्त दिसते, पण पुढे तपासणीत तेच महागात पडते.

दुसरे यंत्र. मुंबई-पुण्यात बदली यंत्र काही तासांत येऊ शकते. सावंतवाडी किंवा गडचिरोलीत तसे गृहीत धरू नका. एका मोठ्या यंत्रापेक्षा दोन मध्यम यंत्रे घ्या, ग्राहक दोन्हींत वाटा आणि एक बंद पडले तर दुसरे सगळा भार पेलेल असे मोजून ठेवा.

पाच वर्षांचा ताळेबंद

दोन हजार ग्राहकांसाठी दोन मध्यम राउटर घेतले, तर खर्च असा बसतो:

- राउटर, दोन : २,४०,००० रुपये
- दोघांची वीज, एकूण १५० वॅट : १,१८,२६०
- नोंदींचा सर्व्हर : १,५०,०००
- त्याची वीज, १०० वॅट : ७८,८४०
- फायबर मॉड्यूल आणि तारा : ४०,०००
- अभियंत्याचे मानधन, महिना ५,००० : ३,००,०००

एकूण ९,२७,१०० रुपये. दर ग्राहकामागे दरमहा पावणेआठ रुपयांच्या आत. यात राउटरची किंमत जेमतेम चौथा हिस्सा आहे. डीलरशी दहा हजारांसाठी घासाघीस करण्यापेक्षा उरलेल्या तीन हिश्शांकडे लक्ष दिले तर जास्त वाचते.

दोन सर्व्हर आणि व्हीपीपीचा पर्याय धरला, तर यंत्रे ७ लाख, ५०० वॅटची वीज ३,९४,२००, नोंदी व मॉड्यूल २,६८,८४० आणि जाणकाराचे मानधन महिना १५,००० प्रमाणे ९ लाख. एकूण २२,६३,०४०, म्हणजे दर ग्राहकामागे दरमहा सुमारे १९ रुपये. दोन हजार घरांसाठी हे परवडत नाही. पण ग्राहक दहा हजार झाले, तर नोंदींच्या साठ्यासाठी आणखी दोन लाख घालूनही हाच खर्च चार रुपयांच्या आसपास येतो. सर्व्हरची वाट वाढलेल्या व्यवसायासाठी आहे. सुरुवातीलाच ती धरायची घाई करू नये.

(यंत्रांवरील जीएसटीचे इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत असेल, तर दोन्ही बेरजा त्या प्रमाणात घटतील.)

खरेदीआधी खर्च वाचवणारी कामे

१. आयपीव्ही६ सुरू करा. यूट्यूब, फेसबुक, नेटफ्लिक्स ही सगळी वाहतूक आयपीव्ही६ वरून चालते. तेवढा भार नॅटवरून आपोआप उतरतो आणि यासाठी नवे यंत्र लागत नाही. ग्राहकाच्या घरातल्या राउटरमध्येही ते सुरू आहे ना, हे पाहा.

२. नॅटमध्ये पोर्टचे गठ्ठे ठरवून द्या. एका पत्त्यावर वापरता येणारी ६४,५१२ पोर्ट्स असतात. प्रत्येकाला १,००८ दिली, तर एका पत्त्यावर ६४ ग्राहक बसतात. दोन हजार ग्राहकांना ३२ सार्वजनिक पत्ते पुरतात. यामुळे पत्ता-बदलाच्या नोंदी घटतात. मात्र परवान्याच्या अटींत कोणकोणता तपशील मागितला आहे, ते सल्लागाराकडून लेखी घेऊनच नोंदींची पद्धत बदला.

३. फायरवॉलचे नियम तपासा. वर्षानुवर्षे साचलेले नियम प्रत्येक नव्या जोडणीवर चालतात. न लागणारे काढा, जास्त लागणारे वर आणा.

४. वेगमर्यादेच्या रांगा पाहा. सगळ्या ग्राहकांच्या रांगा एकाच मुख्य रांगेखाली टांगल्या असतील, तर त्या एकाच कोअरवर अडकू शकतात. त्या विभागून पाहा.

५. हल्ला झाल्यावर त्या एका पत्त्याची वाहतूक वरच्या सेवादात्याकडेच टाकून देण्याची सोय मागून घ्या. आरएफसी ७९९९ मध्ये यासाठी ठरलेली खूण आहे. अनेक मोठे सेवादाते ती पाळतात. ही सोय हातात असली, तर हल्ल्यासाठी म्हणून मोठा राउटर घ्यावा लागत नाही.

डीलरला हे विचारा आणि लेखी घ्या

- ५१२ बाइटच्या पॅकेटांवर, २५ फायरवॉल नियमांसह सेकंदाला किती पॅकेट्स? मायक्रोटिकच्या जाहीर चाचणी-तक्त्यात हा रकाना असतो. १५१८ बाइटचा रकाना फक्त जाहिरातीसाठी चांगला.
- पीपीपीओई, नॅट, वेगमर्यादा आणि नोंदी हे चारही चालू असताना किती ग्राहक?
- एका जोडणीचा कमाल वेग किती?
- वीज खंडित झाल्यावर दोन हजार ग्राहक परत जोडले जायला किती मिनिटे?
- संपूर्ण मार्ग-तक्ता घेतल्यावर तो भरायला किती वेळ? मायक्रोटिकच्या कार्यप्रणालीच्या सहाव्या आवृत्तीत बीजीपीचे, म्हणजे इतर सेवादात्यांशी मार्गांची देवाणघेवाण करण्याचे, काम एकाच कोअरवर चालत असे. सातव्या आवृत्तीत ते अनेक कोअरवर वाटले जाते.
- बिघाड झाल्यास बदली यंत्र किती दिवसांत, कुठून?

आणि चाचणी करा. सिस्कोतून आलेले टीरेक्स हे मुक्त सॉफ्टवेअर एका साध्या सर्व्हरवरून लाखो पॅकेट्स निर्माण करते. ते जमत नसेल, तर एका आठवड्याच्या परतीच्या बोलीवर यंत्र घ्या, तीनशे ग्राहक त्यावर हलवा आणि रात्री दहा वाजता एकूण टक्केवारीऐवजी प्रत्येक कोअरची टक्केवारी पाहा. सरासरी ३० टक्के आणि एक कोअर ९८ टक्के असेल, तर ते यंत्र तुमच्या मांडणीत भरले आहे, असे समजा.

ग्राहक दरमहा चारशे-पाचशे रुपये भरतो आणि मुलांचा ऑनलाइन वर्ग, दुकानाचे यूपीआय, घरून चालणारी नोकरी त्यावर सोपवतो. त्याला अखंड सेवा देणे हे आपले काम आहे. त्यासाठी वरचा हिशोब या आठवड्यात स्वतःच्या आकड्यांनी भरा. गर्दीच्या वेळच्या पॅकेटांचा आकडा तुमच्या चालू राउटरच्या पोर्टवर आजही दिसतो. तो सलग सात रात्री लिहून काढा, सर्वांत मोठ्या आकड्याची तिप्पट करा आणि तो कागद समोर ठेवूनच पहिले कोटेशन मागवा.